पांढरी शिफॉन, काळी मखमल : विधवेच्या रंगाला फॅशन बनवणारी बडोद्याची राजकन्या

पनवेल असो की पुणे, साडीच्या दुकानात गेलात की शिफॉनचा एक कप्पा हमखास दिसतो. ही साडी भारतात प्रतिष्ठेची झाली ती मुख्यतः एका मराठी राजकन्येमुळे. तिचं नाव इंदिराराजे गायकवाड.

१८९२ साली बडोद्यात सयाजीराव महाराज आणि चिमणाबाई यांच्या पोटी इंदिराराजेंचा जन्म झाला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी त्यांचं लग्न ठरलं होतं. महाराजांची पहिली पत्नी हयात होती, म्हणजे इंदिराराजे दुसरी राणी होणार होत्या. पण १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण त्यांच्या आयुष्यात आले आणि त्यांनी स्वतःच पत्र लिहून ग्वाल्हेरचं लग्न मोडलं. त्या काळात ही केवढी खळबळ! शेवटी १९१३ मध्ये लंडनला दोघांचं लग्न लागलं, तेही मुलीच्या आईवडिलांच्या गैरहजेरीत.

सुख फार टिकलं नाही. डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्र नारायण गेले. इंदिराराजे तेव्हा ३० वर्षांच्या. पदरात पाच मुलं आणि थोरला मुलगा अज्ञान, त्यामुळे संस्थानाचा कारभार त्यांच्याकडे आला. १९३६ पर्यंत त्यांनी तो सांभाळला.

आता प्रश्न कपड्यांचा. विधवेने पांढरं नेसायचं आणि साजशृंगार सोडायचा, ही बंगालातली रीत. पांढऱ्या साडीचा अर्थच मुळी असा होता की या बाईने आता नजरेआड व्हावं. इंदिराराजेंनी रंग पांढराच ठेवला, पण कापड बदललं. जाड सुती किंवा जरीच्या जड साडीऐवजी त्यांनी फ्रान्समधून साडीच्या पन्ह्याची रेशमी शिफॉन करून घेतली. गळ्यात मोत्यांच्या माळा. जो रंग बाईला लपवण्यासाठी होता, त्याच रंगात त्या लंडन-पॅरिसच्या मेजवान्यांत उठून दिसू लागल्या.

आणि काळा रंग? तो होता पायात. इटलीतल्या फ्लोरेन्सचा प्रसिद्ध चर्मकार साल्वातोरे फेरागामो याच्याकडे त्यांनी सुमारे शंभर जोडांची ऑर्डर दिली होती. त्यातल्या एका जोडाला काळी मखमल होती आणि टाचेवर हिऱ्यांची सरळ उभी रांग. हिरे-मोती इंदिराराजेंनी स्वतःच्या संग्रहातून पाठवले होते.

या जोडणीतलं गणित छोट्या चणीच्या बायकांना आजही उपयोगी पडतं. शिफॉनच्या निऱ्या फुगत नाहीत, त्यामुळे कमरेपाशी जाडी वाढत नाही. साडी आणि ब्लाउज दोन्ही पांढरे असले की खांद्यापासून पायापर्यंत एकच सलग रेघ दिसते. तेच ब्लाउज काळं घेतलं की नजर मध्येच अडते आणि उंची कमी भासते. म्हणून काळा रंग मध्यभागी न ठेवता कडेला ठेवायचा : बारीक काठ, छोटी पर्स किंवा चपला. रुंद काठ मात्र टाळलेला बरा, कारण तो पायाकडची बरीच उंची खातो. निऱ्या टाच झाकतील इतक्या खाली असल्या की उंच टाचेची इंच-दोन इंच उंची बाईच्याच नावावर जमा होते!

इंदिराराजेंची मुलगी म्हणजे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. शिफॉन आणि मोती हा आईचा वारसा त्यांनी पुढे नेला. तिथून ती साडी सिनेमात आली आणि मग तुमच्या-आमच्या कपाटात.

६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईत इंदिराराजेंचं निधन झालं. आज पांढरी शिफॉन नेसणाऱ्या मुलीला तिच्या कपाळावर कुंकू आहे का, असं कुणी विचारत नाही. त्या पांढऱ्या रंगावरची सक्ती सैल करणाऱ्यांत या बडोद्याच्या लेकीचा वाटा मोठा आहे.