बोटाला बांधलेला दिवा

सिनेमातला एखादा राक्षस हुबेहूब माणसासारखा चालतो ना, तेव्हा आधी एका खऱ्या नटाच्या अंगावर ठिपके चिकटवलेले असतात. कॅमेरा ते ठिपके टिपतो आणि कॉम्प्युटर त्यावरून हालचाल उचलतो. पण मैत्रिणींनो, कॉम्प्युटर नव्हता तेव्हा, १९१३च्या सुमारास, एका बाईने नवऱ्याच्या जोडीने असंच काम केलं होतं. तिचं नाव लिलियन गिलब्रेथ.

जन्म १८७८चा, अमेरिकेतल्या ओकलंडचा. १९०४ साली फ्रँकशी लग्न झालं. तो गवंडीकाम शिकून कंत्राटदार झालेला. एक वीट रचताना हात किती वेळा उगीच हलतो, हे मोजत बसायचा! दोघं मिळून कामगाराच्या बोटाला इवलासा विजेचा दिवा बांधत आणि कॅमेरा उघडा ठेवत. हात फिरेल तशी फोटोत उजेडाची रेघ उमटे. दिवा लुकलुकता ठेवला की रेघेचे तुकडे पडत, ते मोजले की वेळही कळे. रुमालांच्या घड्या घालणाऱ्या बायकांचे हातही त्यांनी असेच टिपले. मग रेघेबरहुकूम तार वाकवायची, म्हणजे हात कुठे उगाच वळसा घेतो ते नवख्यालाही दिसे.

हे चालू असताना पदरात बारा लेकरं! त्यातली एक घटसर्पाने गेली. १९१४ साली लिलियनचं पुस्तक निघालं, तर बाईचं आहे हे कळू नये म्हणून प्रकाशकाने नावाची नुसती आद्याक्षरं छापली. पुढच्याच वर्षी ती डॉक्टरेट झाली.

जून १९२४. फ्रँक स्टेशनवरून तिच्याशी फोनवर बोलत होता, तिथेच हृदयविकाराने कोसळला. अकरा मुलं, धाकटी जेमतेम दोन वर्षांची. थोड्याच दिवसांत त्याची ठरलेली भाषणं करायला ती बोटीने युरोपला गेली. इकडे कंपन्यांनी मात्र पाठ फिरवली. कारखान्याचा सल्ला बाईकडून कोण घेणार?

मग तिने तोच अभ्यास स्वयंपाकघरात नेला. शेगडी, ओटा, कपाट हाताशी आणलं, ओट्याची उंची बाईच्या उंचीवर ठरवली. पायाने उघडायची कचरापेटी तिच्याच नावावर सांगतात. गंमत म्हणजे तिला स्वतःला स्वयंपाक बेताचाच येत होता. (हे वाचून मला तर फार बरं वाटलं!)

१९३५ला ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली, १९७२ला ९३व्या वर्षी गेली. दोघा मुलांनी घरच्या गमतींवर लिहिलेल्या पुस्तकावर १९५०मध्ये सिनेमा निघाला, त्यात बापच जास्त दिसतो. पण अकराही मुलांना कॉलेजात घातलं ते तिने, तिच्या कमाईवर.