बडी बहनजी : डॉ. सुशीला नायर

माझ्या मोठ्या आईने अंगावरून लाल जाण्याचा त्रास वर्षभर लपविला. एक तर लाज, दुसरे म्हणजे कपाशी वेचण्याची मजुरी बुडेल ही भीती. सेवाग्रामला नेले तेव्हा उशीर झाला होता. त्याच दवाखान्यात डॉ. सुशीला नायर यांची माहिती मला प्रथम मिळाली.

त्यांचा जन्म १९१४ साली पंजाबात झाला. दिल्लीला त्या डॉक्टर झाल्या. १९४२ नंतर आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी कस्तुरबांची शेवटपर्यंत शुश्रूषा केली. पुढे कस्तुरबांच्याच नावाने सेवाग्रामला स्त्रिया व मुलांसाठी दवाखाना निघाला. १९६२ ते १९६७ त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. तरीही १९६९ मध्ये मेडिकल कॉलेज त्यांनी उभारले ते सेवाग्रामलाच. तेथील विद्यार्थी गाव दत्तक घेतात. सुगीला ज्वारी देऊन विमा उतरविण्याची सोयही या रुग्णालयाने खेडुतांना करून दिली. २००१ मध्ये बडी बहनजी गेल्या.

गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर कळला तर बरा होतो. पण त्यासाठी काही त्रास नसतानाच बाईने तपासून घ्यावे लागते. दवाखाना बहनजींनी खेड्यात आणला. उंबरठ्यापासून तिथवरची वाट आपल्याकडे आहे. यंदा आईला मी स्वतः तपासणीला घेऊन गेले.