स्वतःचा पंच

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणपासून तारकर्ली, देवबागपर्यंत लांबच लांब पुळण पसरलेली आहे. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. ओहोटी लागली की ओल्या, घट्ट पुळणीवर मुले क्रिकेटचा डाव मांडतात. समुद्रावरून वारा सुटला की चेंडू भलतीकडेच जातो. मऊ वाळूत पडला तर तिथेच रुतून बसतो. या खेळात पंच बहुधा नसतोच. चेंडू बॅटला लागला की नाही, हे ज्याचे त्याने सांगायचे असते. भांडणे होतात तीही त्यावरूनच!

अशाच एका समुद्रकाठी गोल्फ हा खेळ वाढला. स्कॉटलंड देशात सेंट अँड्र्यूज नावाचे गाव आहे. तिथे समुद्र आणि शेते यांच्यामध्ये वाळूची, गवताळ, उंचसखल जमीन आहे. या जमिनीवर लोक शेकडो वर्षे गोल्फ खेळत आले आहेत. स्कॉटलंडमध्ये या खेळाचे वेड इतके वाढले होते, की लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडू नये म्हणून १४५७ मध्ये राजाने त्यावर बंदी घातली होती. बंदी गेली, खेळ मात्र राहिला.

गोल्फ समजायला सोपा आहे. लांब काठीने छोटा, कठीण चेंडू मारायचा आणि दूरच्या एका लहान खळग्यात घालायचा. या खळग्याला ‘होल’ म्हणतात. असे अठरा होल असतात. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकतो. मैदान इतके मोठे असते, की प्रत्येक खेळाडूवर पंच नजर ठेवू शकत नाही. चूक झाली तर ती खेळाडूने स्वतः सांगायची आणि दंडही स्वतःच घ्यायचा. बॉबी जोन्स या खेळाडूचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते याच कारणामुळे.

बॉबीचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरात झाला. त्याचे वडील वकील होते. लहानपणी बॉबी फार अशक्त होता. त्याला अन्न पचत नसे. पुढे हे कुटुंब ईस्ट लेक येथील गोल्फच्या मैदानाजवळ राहू लागले. मोकळ्या हवेत बॉबीची प्रकृती सुधारली. तिथे स्ट्युअर्ट मेडन नावाचे एक स्कॉटिश शिक्षक होते. बॉबीने त्यांच्याकडे रीतसर धडे घेतले नाहीत. तो त्यांच्या मागोमाग हिंडे, त्यांचा फटका निरखून पाही आणि घरी येऊन तसाच मारण्याचा प्रयत्न करी.

१९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत खेळला. ही स्पर्धा मेरियन येथे होती. मोठमोठ्या खेळाडूंना हरवून तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. सर्वांना वाटले, हा मुलगा लवकरच विजेता होणार. पण पुढची सात वर्षे त्याला एकही मोठी राष्ट्रीय स्पर्धा जिंकता आली नाही. हातात कौशल्य होते, पण स्वभाव तापट होता. फटका चुकला की तो रागाने काठी फेकून देई.

१९२१ मध्ये तो प्रथमच सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर खेळायला गेला. ब्रिटनची खुली स्पर्धा चालू होती. तिसऱ्या फेरीत वाऱ्याने त्याला हैराण केले. अकराव्या होलजवळ त्याचा चेंडू वाळूच्या खोल खड्ड्यात पडला. एक, दोन, तीन फटके मारले तरी तो बाहेर निघेना. तेव्हा बॉबी चिडला आणि त्याने डाव अर्ध्यावर सोडून दिला. हरणे हा दोष नव्हता. मैदान सोडणे हा दोष होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्या दिवसाची लाज त्याला जन्मभर वाटत राहिली. मात्र त्या लाजेने त्याला शहाणे केले. त्याने रागाला आवर घालायला सुरुवात केली. १९२३ मध्ये त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली.

खरी परीक्षा अजून व्हायची होती. १९२५ मध्ये अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत जोन्स यांचा चेंडू उंच गवतात पडला होता. फटका मारण्यासाठी त्यांनी काठी टेकवली, तोच चेंडू किंचित हलला. हे कोणीही पाहिले नाही. जोन्स यांनी मात्र ते पाहिले होते. त्यांनी लगेच ते अधिकाऱ्यांना सांगितले आणि एका फटक्याचा दंड स्वतःवर लावून घेतला. स्पर्धा संपली तेव्हा जोन्स आणि विली मॅकफर्लेन यांचे फटके सारखेच झाले. निकालासाठी त्यांना पुन्हा खेळावे लागले. त्यात जोन्स फक्त एका फटक्याने हरले. तो दंड घेतला नसता तर ते आधीच विजेते ठरले असते! लोकांनी त्यांच्या प्रामाणिकपणाची स्तुती केली, ती त्यांना आवडली नाही. नियमाप्रमाणे वागण्यात कौतुक कसले, असेच त्यांना वाटे.

जोन्स हौशी खेळाडू होते. स्पर्धेत बक्षिसाचे पैसे ते घेत नसत. खेळाबरोबर त्यांनी शिक्षणही चालू ठेवले. ते इंजिनिअर झाले, हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला आणि नंतर कायदा शिकून वकिली केली. १९२२ पासून अमेरिका आणि ब्रिटन-आयर्लंड यांच्या हौशी संघांमध्ये वॉकर चषकाचे सामने सुरू झाले. जोन्स पाच वेळा अमेरिकेच्या संघातून खेळले आणि पाचही वेळा त्यांचा संघ विजयी झाला. १९२८ आणि १९३० मध्ये ते संघाचे कर्णधार होते.

१९२७ मध्ये जोन्स यांनी सेंट अँड्र्यूज येथेच ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली. ज्या मैदानावर त्यांनी डाव टाकला होता, त्याच मैदानावर लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. जिंकलेला चषक त्यांनी अमेरिकेला नेला नाही; तो तिथल्या क्लबकडेच ठेवायला दिला. १९३० मध्ये तर त्यांनी ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या आणि हौशी, अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. त्यांतली शेवटची स्पर्धा मेरियन येथे होती. चौदा वर्षांचा बॉबी जिथे प्रथम चमकला, तिथेच हा पराक्रम पूर्ण झाला. त्यानंतर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी स्पर्धांचा निरोप घेतला.

पुढे जोन्स यांनी ऑगस्टा येथे मित्राच्या मदतीने गोल्फचे मैदान उभारले. १९३४ पासून तिथे ‘मास्टर्स’ ही प्रसिद्ध स्पर्धा भरू लागली. मात्र १९७५ पर्यंत या स्पर्धेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नाही आणि १९९० पर्यंत त्या क्लबाने एकाही कृष्णवर्णीयाला सभासद केले नाही. एका फटक्याचाही हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाच्या क्लबात ही उणीव राहिली, हेही सांगितले पाहिजे.

१९४८ मध्ये जोन्स यांच्यावर मोठे संकट आले. त्यांच्या पाठीच्या कण्यात दुर्मीळ आजार असल्याचे आढळले. हळूहळू हातापायांतील शक्ती गेली. गोल्फ कायमचा सुटला. काठ्यांच्या आधाराशिवाय चालणे अशक्य झाले.

अशा स्थितीत १९५८ साल उजाडले. जगातील सर्व देशांच्या हौशी संघांसाठी एक अजिंक्यपद स्पर्धा सुरू करण्याचे ठरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांचे नाव चषकाला देण्यात आले. पहिली स्पर्धा ऑक्टोबरमध्ये सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर भरली. २९ देशांचे संघ आले. प्रत्येक संघात चार खेळाडू होते. रोज त्यांपैकी उत्तम तिघांचे फटके मोजले जात. अमेरिकेच्या संघाचे न खेळणारे कर्णधार होते बॉबी जोन्स. ५६ वर्षांचे जोन्स छोट्या विजेच्या गाडीत बसून आपल्या खेळाडूंचा खेळ पाहत असत.

चार दिवसांनंतर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांचे फटके सारखेच झाले, प्रत्येकी ९१८. निकालासाठी हे दोन संघ पुन्हा खेळले. ऑस्ट्रेलियाला २२२ फटके लागले आणि अमेरिकेला २२४. जोन्स यांचा संघ दोन फटक्यांनी हरला.

पण सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी त्यांचा सन्मान जय-पराजय पाहून केला नाही. ९ ऑक्टोबरला, स्पर्धा चालू असतानाच, गावाने जोन्स यांना मानाचे नागरिकत्व दिले. यापूर्वी हा मान बेंजामिन फ्रँकलिन या एकाच अमेरिकन माणसाला, १७५९ मध्ये मिळाला होता. सभागृह माणसांनी भरून गेले होते. जोन्स मोठ्या कष्टाने उभे राहिले आणि हातात कागद न घेता मनापासून बोलले. ते निघाले तेव्हा लोकांनी निरोपाचे एक जुने स्कॉटिश गाणे म्हटले. हे आपले पुन्हा येणे नाही, हे त्यांना आणि लोकांनाही कळले होते. अनेकांचे डोळे पाणावले.

१८ डिसेंबर १९७१ रोजी जोन्स यांचे निधन झाले. १९७२ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावरील दहाव्या होलला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच्या पुढचाच, अकरावा होल म्हणजे एकोणीस वर्षांच्या बॉबीने जिथे डाव सोडला होता ती जागा.

आयसेनहॉवर चषकाची स्पर्धा आजही दर दोन वर्षांनी भरते. आपल्या देशानेही हौशी गोल्फमध्ये नाव मिळवले आहे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांत गोल्फचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही सुवर्णपदके भारताने जिंकली.

गोल्फचे मैदान आपल्या गावात नसेल. पण ज्या खेळात पंच नाही असे खेळ आपण रोज खेळतो. चेंडू बॅटला हलकेच लागून गेला, कोणी पाहिले नाही, आणि सगळे आपल्या तोंडाकडे पाहत आहेत, असा क्षण प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्या वेळी पंच आपणच असतो.