देवगंधर्व भास्करबुवा बखले : साधना आणि त्याग

ज्या कर्नाटकभूमीत आपण संसार थाटले, त्याच भूमीत देवगंधर्व भास्करबुवा बखले यांच्या गानसाधनेचा एक महत्त्वाचा कालखंड गेला, हे महादेवपुऱ्यात स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल.

बुवांचा जन्म १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. गोड गळ्यामुळे बालवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले व ‘रामराज्यवियोगा’तील कैकेयीच्या भूमिकेत नावारूपास आले. परंतु वयात येताच आवाज फुटला. ज्या गळ्याचे कौतुक झाले, तोच गेला. एखादा हताश होऊन बसला असता. बुवांनी हरपलेल्या आवाजाचा मोह सोडला आणि बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्यापाशी राहून नवा आवाज पहिल्या षड्जापासून घडविण्यास आरंभ केला.

पुढे धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक असताना त्यांनी आग्रा घराण्याच्या नत्थन खाँ यांची तालीम घेतली. त्यानंतर गवई म्हणून लौकिक झालेला असतानाही ते अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्य झाले. तेच पलटे, त्याच बंदिशी वर्षानुवर्षे घोटणे कष्टाचे खरेच. परंतु अंगी मुरलेल्या विद्येचा अभिमान उतरवून पुन्हा विद्यार्थी होणे त्याहून कठीण. बुवांना दोन्ही साधले.

एवढ्या सायासाने मिळविलेले धन त्यांनी कुलुपात ठेवले नाही. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ न देण्याच्या त्या काळात त्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकास त्यांनी चाली दिल्या व ख्यालगायकीचे वैभव सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेले. त्या चाली गाजल्या त्या शिष्याच्या, बालगंधर्वांच्या, कंठातून. मास्टर कृष्णरावही त्यांचेच शिष्य. ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात बुवांचे देहावसान झाले.

अवघे बावन्न वर्षांचे आयुष्य! त्याहून अधिक वय झालेल्या मजसारख्या सरकारी नोकराने गतवर्षी पेटी शिकण्यास आरंभ केला, तेव्हा मुलांच्या रांगेत बसताना, खरे सांगावयाचे तर, लाज वाटली होती. बुवांचे चरित्र आठवले आणि ती ओसरली. बोटे अजून अडखळतात. परंतु रोज सकाळी तोच सा पुन्हा धरतो.