माणुसकी नाही, खर्चाचा हिशोब दाखवून त्यानं इंग्लंडला गटारं बांधायला लावली

गल्लीतलं गटार तुंबलं की आपण नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडतो. पण गटार बांधणं आणि घरोघरी पाणी पोहोचवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे मुळात ठरलं कधी? दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही असं फारसं कुणी मानत नव्हतं. ज्याच्या दारात घाण, त्यानं ती बघावी, असा सगळा मामला होता.

हे चित्र बदलण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो माणूस ना डॉक्टर होता, ना इंजिनिअर. गरिबांचा कैवारी तर अजिबातच नव्हता. उलट गरीब लोक त्याच्या नावानं खडे फोडायचे.

त्याचं नाव एडविन चॅडविक.

२४ जानेवारी १८०० रोजी मँचेस्टरजवळच्या लाँगसाइट इथं त्याचा जन्म झाला. तो वकिली शिकला, वर्तमानपत्रांत लिहू लागला. पुढं जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाचा तो सहाय्यक झाला. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल तो कायदा चांगला, असं बेंथमचं म्हणणं. चॅडविकनं त्यातून एक सवय उचलली, ती म्हणजे प्रत्येक गोष्टीचा हिशोब मांडायची.

त्या काळी इंग्लंडमध्ये गरिबांना मदत देण्यासाठी स्थानिक कर गोळा केला जायचा. हा खर्च वाढत चालल्यामुळं १८३४ साली नवा कायदा आला. तो तयार करण्यात चॅडविक आघाडीवर होता. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्यानं वर्कहाऊसमध्ये येऊन राहावं, असं त्यात ठरलं. तिथं नवरा-बायकोला वेगळं ठेवायचे, मुलांनाही वेगळं काढायचे. लोकांनी मदत मागायलाच येऊ नये इतकी ती जागा नकोशी असावी, हाच हेतू होता. चार्ल्स डिकन्सनं ऑलिव्हर ट्विस्टमध्ये टीका केली ती याच व्यवस्थेवर.

एवढं करूनही चॅडविकला एक गोष्ट खटकत होती. अनेक माणसं आळशी म्हणून नाही, तर आजारपणामुळं गरीब होत होती. घरातला कमावता माणूस तापानं गेला की बायको-पोरं थेट सरकारी मदतीवर यायची. म्हणजे घाणीचा खर्च शेवटी करदात्यांच्याच खिशातून जात होता.

मग त्यानं देशभरातून माहिती गोळा केली आणि १८४२ मध्ये कष्टकरी लोकांच्या आरोग्यावरचा आपला अहवाल छापला. तो इतका स्फोटक होता की त्याच्या वरिष्ठांनी त्यावर आपलं नाव घालायला नकार दिला. अखेर तो एकट्या चॅडविकच्या नावानं आला.

त्यातले आकडे आजही हादरवतात. रटलंडसारख्या ग्रामीण भागात मजुरांच्या कुटुंबात मृत्यूचं सरासरी वय ३८ होतं. मँचेस्टरमध्ये तेच १७ होतं! लहान मुलं मोठ्या संख्येनं दगावत असल्यानं ही सरासरी इतकी खाली आली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४३,००० विधवा आणि १,१२,००० अनाथ मुलं गरिबांसाठीच्या करावर जगत होती. यातल्या बहुतेकांच्या घरचा कर्ता पुरुष टाळता येण्यासारख्या कारणांनी गेला होता, असं चॅडविकनं दाखवून दिलं.

उपायही त्यानंच सुचवला. घरोघरी नळानं पाणी द्या, त्याच पाण्याच्या जोरावर मैला लहान, गुळगुळीत नळ्यांमधून गावाबाहेर न्या आणि शेतीला खत म्हणून विका. खर्च एकदम झेपत नसेल तर कर्ज काढा, हप्ते करातून फेडा.

विरोध जोरदार झाला. करदात्यांना नवा कर नको होता, पाणी विकणाऱ्या कंपन्यांना सरकारचा हस्तक्षेप नको होता. पण कॉलराची साथ दारात आली आणि १८४८ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा मंजूर झाला. जिथं वर्षाला दर हजारी २३ पेक्षा जास्त मृत्यू होतात, तिथं स्थानिक आरोग्य मंडळ बसवण्याचा अधिकार केंद्रीय मंडळाला मिळाला. चॅडविक या मंडळावर होता.

इथंच त्याची मोठी चूक झाली. रोग दुर्गंधीतून पसरतात, असं त्या काळच्या अनेकांसारखं त्यालाही ठामपणे वाटायचं. म्हणून लंडनच्या घराखालच्या खड्ड्यांतला मैला थेट थेम्स नदीत सोडण्यावर भर दिला गेला. घरातला वास कमी झाला, पण याच नदीचं पाणी हजारो लोक पीत होते. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये १४,००० हून जास्त लोक गेले. कॉलरा पाण्यातून पसरतो, हे जॉन स्नो हा डॉक्टर तेव्हापासूनच मांडत होता. चॅडविकला ते पटलं नाही.

त्यात स्वभाव हेकट, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. १८५४ मध्ये त्याला पेन्शन देऊन बाजूला केलं गेलं. खत विकून पैसे मिळतील, हा त्याचा अंदाजही फसला. लंडनला खरी गटारं मिळाली ती १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं संसदेचंच नाक दाबल्यावर, जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरच्या हातून.

१८८९ मध्ये चॅडविकला सर ही पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी, ६ जुलै १८९० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी तो गेला.

त्याचं विज्ञान चुकलं, गरिबांशी तो कठोर वागला. पण त्याचा मूळ हिशोब टिकला. गटार बांधलं नाही म्हणून खर्च वाचत नाही, तो दवाखान्याचं बिल, बुडालेली मजुरी आणि उघड्यावर आलेलं घर बनून परत येतो. पुढच्या वेळी निधी नाही म्हणून गटाराचं काम रखडलं, तर हा हिशोब नक्की विचारा.