कॉलऱ्यामुळे गव्हर्नरनं सोडलेला परळचा बंगला हाफकिनला कसा मिळाला?

काळाचौकीवरून लालबाग ओलांडून परळला केईएम किंवा टाटाला जाताना आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन इन्स्टिट्यूट लागते. पोलिओचा डोस म्हटलं की आपल्याला हेच नाव आठवतं. पण आतली मुख्य इमारत पाहिली तर ती प्रयोगशाळेपेक्षा राजवाडाच जास्त वाटते.

कारण ती होतीच तशी. मूळची ती पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती पाद्र्यांची वास्तू. 1719 मध्ये इंग्रजांनी ती जेझुइटांकडून काढून घेतली. 1771 मध्ये गव्हर्नर हॉर्नबी तिथे राहायला आला. जिथे प्रार्थना व्हायची तिथे आता मेजवान्या झडू लागल्या. किल्ल्यातल्या गर्दीपासून लांब, झाडीतला असा हा बंगला होता. पुढे आजूबाजूला गिरण्या आल्या, वस्ती दाटली. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनच्या पत्नीचा कॉलऱ्यानं मृत्यू झाला आणि गव्हर्नरांनी कायमचा मलबार हिलचा रस्ता धरला.

आता माणसाकडे वळू. वाल्डेमार हाफकिन, जन्म 1860, गाव ओडेसा. ज्यू असल्यामुळे रशियात त्याची वाट अडली, म्हणून तो आधी स्वित्झर्लंडला आणि मग पॅरिसला गेला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम मिळालं ते ग्रंथालयातलं! पण 1892 मध्ये त्यानं कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. 1893 मध्ये तो भारतात आला.

1896 मध्ये मांडवीत प्लेग सापडला. मुंबई ओस पडायला लागली. हाफकिनला ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागा मिळाली आणि तिथे त्यानं लस बनवायला घेतली. जंतू वाढवायला मांसाचं सूप लागायचं. गोमांस, डुकराचं मांस वापरलं तर लस कोण घेणार? त्यानं बोकडाचं मांस घेतलं. सुपावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे आणि त्यांना लटकून जंतू वाढायचे. मग ते उष्णतेनं मारायचे. 10 जानेवारी 1897 ला त्यानं मोठा डोस स्वतःला टोचून घेतला. ताप आला, पण माणूस टिकला. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी लस घेतली.

मागणी वाढली, जागा पुरेना. परळचा रिकामा बंगला मधल्या काळात प्लेगचं इस्पितळ झाला होता. 1899 मध्ये तो हाफकिनच्या प्रयोगशाळेला मिळाला. कॉलऱ्यानं रिकामं केलेलं घर कॉलऱ्याची लस शोधणाऱ्याच्या हाती आलं!

पण 1902 मध्ये घात झाला. पंजाबात मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी 19 जण धनुर्वातानं गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पद सोडावं लागलं. खरं तर त्याच बाटलीतून घोटाळा झाला, तर तो गावात बाटली उघडताना झाला असण्याचीच शक्यता जास्त होती. पण हे सरकारच्या गळी उतरायला वर्षं गेली. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा 1907 मध्ये तो निर्दोष ठरला. तोवर परळची खुर्ची दुसऱ्याकडे गेली होती. तो कलकत्त्याला रुजू झाला, पण पूर्वीचं काम परत मिळालं नाही.

1925 मध्ये संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. तेव्हा तो युरोपात होता. 1930 मध्ये लोझानला त्याचं निधन झालं.