आकाशातील काळोख टिपणारा माणूस

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात १८६६ साली एका छायाचित्र स्टुडिओच्या गच्चीवर एक अवजड यंत्र बसवलेले होते. विजेचे दिवे नसलेल्या त्या काळात छायाचित्रे मोठी करण्यासाठी सूर्याचाच प्रकाश वापरावा लागे आणि सूर्य सरकेल तसतसे ते यंत्र हाताने त्याच्याकडे वळवत राहावे लागे. या कामावर ठेवलेली मुले उन्हात पेंगत. मग जेमतेम नऊ वर्षांचा एक मुलगा कामाला आला. तो पेंगला नाही. पुढे आकाशगंगेची पहिली महान छायाचित्रे ज्याच्या नावावर जमा झाली, त्या एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांची ही पहिली नोकरी.

बर्नार्ड यांचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी झाला. वडील त्यापूर्वीच वारले होते. घरी कमालीचे दारिद्र्य, त्यात यादवी युद्धाचे दिवस. शाळेचे दर्शन घडले ते अवघे दोन महिने. अक्षरओळख आईनेच करून दिली. रात्री अंगणात आडवे होऊन डोक्यावरचा एक शुभ्र तेजस्वी तारा न्याहाळणे हा या मुलाचा विरंगुळा होता. तो तारा म्हणजे अभिजित, हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळले. दोन डॉलर उसने नेणाऱ्या एकाने तारण म्हणून ठेवलेल्या थॉमस डिक यांच्या खगोलशास्त्रावरील पुस्तकात त्याला ताऱ्यांची नावे सापडली. उसने पैसे परत आले नाहीत. पुस्तक मात्र राहिले.

१८७७ साली त्यांनी पाच इंची दुर्बीण विकत घेतली. किंमत ३८० डॉलर, म्हणजे वर्षाच्या पगाराचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा. त्याच वर्षी नॅशव्हिलमध्ये शास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे नामवंत खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांना हा तरुण भेटला आणि या छोट्या दुर्बिणीने आपण काय करू शकतो, असे त्याने विचारले. गणित येत नसेल तर दुर्बीण बाजूला ठेवा, अशा अर्थाचा सल्ला मिळाला. फार तर धूमकेतू शोधता येतील, असेही न्यूकम यांनी सुचवले. बर्नार्ड एका खांबाआड जाऊन रडले आणि मग त्यांनी गणिताची शिकवणी लावली.

धूमकेतूंचे म्हणाल, तर तो सल्ला त्यांनी अक्षरशः मानला. औषधांचे एक धनाढ्य व्यापारी एच. एच. वॉर्नर यांनी नव्या धूमकेतूमागे २०० डॉलरचे बक्षीस लावले होते. १८८१पासून बर्नार्ड यांनी ही बक्षिसे मिळवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऱ्होडा कॅल्व्हर्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. कर्ज काढून घर बांधले, हप्ता जवळ आला की एखादा धूमकेतू सापडे आणि हप्ता फिटे. शेपटीवाल्या ताऱ्याला अशुभ मानणाऱ्या जगात धूमकेतूंनी बांधलेले हे बहुधा एकमेव घर असावे.

पुढे व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने त्यांना जवळ केले आणि १८८८ साली ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत रुजू झाले. तेथे तेव्हा जगातील सर्वांत मोठी, ३६ इंची भिंगाची दुर्बीण होती. बर्नार्ड यांच्या वाट्याला ती क्वचितच येई. त्यावरून संचालक एडवर्ड होल्डन यांच्याशी त्यांचे खटके उडत. अखेर आठवड्यातून एक रात्र मिळाली आणि ९ सप्टेंबर १८९२ रोजी त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधून काढला. कीर्ती झाली ती या शोधाने. त्यांचे खरे काम मात्र दुसरीकडे, एका जुन्या भिंगामागे चालले होते.

हे सहा इंची विलार्ड भिंग पूर्वी स्टुडिओत माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी वापरले जाई. १८८९ साली ते एका लहान दुर्बिणीला जोडून बर्नार्ड यांनी आकाशगंगेकडे वळवले. मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो; त्यात तारे असतात, पण त्यांची मांडणी हरवते. शिवाय पसरट, अंधुक तेजाची नोंद भिंगाच्या व्यासावर तितकीशी अवलंबून नसते. व्यासाच्या मानाने केंद्रांतर आखूड असले की ती लवकर उमटते. विलार्ड भिंगात आखूड केंद्रांतर आणि विस्तीर्ण दृष्टिक्षेत्र या दोन्ही गोष्टी होत्या. उरला प्रश्न पृथ्वीच्या फिरण्याचा. काच तासन् तास उघडी ठेवून, सोबतच्या दुर्बिणीतील तारा तारांच्या फुलीवरून हलू न देता यंत्र हाताने सावरत राहायचे. गच्चीवरच्या मुलाला हे काम नवे नव्हते.

काचांवर ताऱ्यांचे ढग उमटले. १८९४ मध्ये तर त्यांनी एका स्वस्त कंदिलाचे दीड इंची भिंग वापरून मृग नक्षत्राला वेढणारे प्रचंड तेजोवलय टिपले. ते आज ‘बर्नार्डचे वलय’ म्हणून ओळखले जाते, जरी विल्यम पिकरिंग यांना ते आधी सापडले होते.

परंतु काचांवर आणखी काही होते. ताऱ्यांच्या दाटीत काळे डाग, काळ्या गल्ल्या. ही आकाशातील भोके आहेत, तेथे तारेच नाहीत, हे विल्यम हर्शेल यांच्या काळापासूनचे मत होते आणि बर्नार्डही बराच काळ त्याच बाजूचे होते. स्वतःच्याच छायाचित्रांवर विश्वास ठेवायला या माणसाला जवळपास तीस वर्षे लागली.

१८९५मध्ये ते यर्क्स वेधशाळेत गेले. कॅथरिन ब्रूस यांनी दिलेल्या ७,००० डॉलरमधून त्यांच्यासाठी दहा इंची छायाचित्रण दुर्बीण तयार झाली. १९०५ साली ती उचलून कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर नेण्यात आली, कारण तेथून आकाशगंगेचा दक्षिण भाग अधिक वर दिसतो. त्या काही महिन्यांतील काचा त्यांच्या आयुष्यातील सर्वोत्तम ठरल्या. भुजंगधारी व वृषभ या तारकासमूहांत तेजोमेघ हळूहळू काळवंडत जाऊन ताऱ्यांना झाकतो, हे त्यांत दिसत होते.

मग १९१३च्या उन्हाळ्यातील ती चंद्रहीन रात्र. बर्नार्ड यर्क्सला धनू राशीची छायाचित्रे घेत होते. आकाशगंगेच्या तेजस्वी भागावरून पावसाळी नव्हेत असे लहान लहान ढग सरकत होते आणि उजळ पार्श्वभूमीवर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसत होते. काचेवरच्या डागांशी त्यांचे साम्य विलक्षण होते. १९१९ साली बर्नार्ड यांनी १८२ काळ्या खुणांची सूची प्रसिद्ध केली. त्यातील अनेक खुणा म्हणजे मागील प्रकाश अडवणारे पदार्थ आहेत, हे त्यांनी आता मान्य केले. काही ठिकाणी तारेच नसतील, ही शंका मात्र तेव्हाही पुरती सोडली नाही. ताऱ्यांमधील धूळ प्रकाश शोषते, याचा निर्णायक पुरावा रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३०मध्ये दिला. मृगातील अश्वमुख तेजोमेघ आजही छोटी दुर्बीण घेऊन रात्र जागवणारे हौशी छायाचित्रकार ‘बर्नार्ड ३३’ या नावाने ओळखतात.

आकाशगंगेचा छायाचित्रसंग्रह काढण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, कारण छापखान्यातील प्रतिमा बर्नार्ड यांना पसंत पडत नसत. शेवटी खऱ्या छायाचित्रांच्या प्रतीच पुस्तकात घालायचे ठरले. एकूण ३५,७०० प्रती निघाल्या आणि त्यातील प्रत्येक प्रत त्यांनी स्वतः तपासली. पत्नी १९२१ साली गेल्या. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी बर्नार्ड यांचेही निधन झाले. पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट त्यांची साहाय्यक होती. तिने आणि संचालक एडविन फ्रॉस्ट यांनी उरलेले काम पुरे केले आणि १९२७ साली संग्रह प्रसिद्ध झाला.